खिशातलं सगळं गिऱ्हाईकाचं

आमच्या घरात पैसे लपवायला जागा नाही. म्हणजे जागा आहेत, पण आई आहे.

आईला पैशाचा वास येतो. पलंगाच्या पोकळ पायात ठेवले, सापडले. बंद पडलेल्या रेडिओच्या पोटात ठेवले, तर बाईसाहेबांना नेमकी त्याच आठवड्यात गाणी ऐकायची हुक्की आली. ती चोरत नाही हां. समोर उभी राहून सांगते, "तुझे घेतलेत गं, विजेचं बिल होतं. पहिल्या तारखेला देते." पहिली तारीख येते आणि जाते. आईला काय बोलणार? वीज मी पण वापरते. गेल्या वर्षीची सगळी शिल्लक अशी बिलात गेली आणि मी बल्बकडे बघत बसले. म्हटलं, पेट बाबा, माझ्याच जिवावर पेट.

आईच्या हातून काही सुटलंच तर धाकटा आहे. वय अकरा आणि बोटांना गोंद.

आता मला पैसे कशाला लागतात, ते सांगते. वर्षअखेरच्या सुट्टीत आमची ताई येते. ताई, भावजी आणि त्यांची चार वर्षांची ठमी. येताना दोन पिशव्या भरून आणतात. आईला शाल, धाकट्याला चेंडू, मला काहीतरी गुलाबी. मला गुलाबी आवडत नाही, पण देणाऱ्याला विचारायचं नसतं. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून बसतो आणि घेतो. मागच्या वर्षी माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वर्षी मी देणार सगळ्यांना." तर भावजी म्हणाले, "तू? तू काय देणार, शिव्या? त्या तर तू वर्षभर फुकट वाटतेस!"

सगळे हसले. ताई हसली. आईसुद्धा, तोंडावर हात ठेवून. मी उठले आणि दाराला लाथ घातली. दाराला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं. ते गळून नवीन यायला कितीतरी महिने गेले. मी रोज चप्पल घालताना त्या नखाकडे बघायचे आणि दात आवळायचे. देणार म्हणजे देणार. आणि आईला बूटच देणार.

बुटांचं असं आहे. आई दवाखान्यात फरशा पुसते. दिवसभर उभी. तिच्या उजव्या चपलेची टाच सुटून लोंबते, त्यामुळे ती चालली की चट्-चट् वाजतं. पहाटे ती कामाला निघते तेव्हा मी त्याच आवाजाने जागी होते, घड्याळ लागत नाही. बाजारात चपलांच्या दुकानात काचेमागे जाड मऊ तळाचे बूट होते, दवाखान्यातल्या नर्सबाई घालतात तसले. आईच्या मापाचे. मी जाता-येता त्या काचेसमोर थांबायचे. दुकानदाराची माझ्याशी ओळखच झाली. मी बोट दाखवायचे, तो मान हलवायचा. म्हणजे, आहेत अजून.

मी लॉन्ड्रीत काम करते. नववीत शाळा आणि मी एकमेकींना सोडलं, दोघींनाही फारसं वाईट वाटलं नाही. लॉन्ड्रीत आम्ही तिघं. गल्ल्यावर मालकीणबाई. वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर वाफकाका. ते दिवसभर ढगात उभे असतात, नुसता आवाज बाहेर येतो. आणि मी खिशांवर. खिशांवर म्हणजे, कपडा आला की धुण्याआधी सगळे खिसे उलटे करायचे. पेन निघतं, चॉकलेट निघतं, एकदा दाढेचं सोनं निघालं. जे निघेल ते छोट्या पुडीत घालायचं आणि कपडा परत जाताना त्यालाच टाचायचं. गिऱ्हाईक पुडी उघडतं, खूश होतं. मालकीणबाईंना याचा भारी अभिमान. दुकानात पाटी आहे, ती मीच रंगवलेली: "खिशातलं सगळं गिऱ्हाईकाचं." त्यांनी मला नुसतं "खिशातलं गिऱ्हाईकाचं" लिही म्हणून सांगितलं होतं. मध्ये जागा उरली म्हणून "सगळं" मी पदरचं घातलं. आणि जाड अक्षरात.

वाफकाका मला चटका म्हणतात. पहिल्याच दिवशी मी एका शर्टाची कॉलर जाळली आणि वर काकांनाच बोलले की तुमची इस्त्री आगाऊ आहे. तेव्हापासून चटका.

पैसे मी कसे जमवले, ते विचारू नका, सांगतेच. बसने जायचं सोडून पायी गेले. पोचवायला गेलेल्या घरी कुणी "राहू दे सुट्टे" म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणायची वाट बघितली नाही. तारेचे वाकडे हँगर सरळ करून शेजारच्या रंगवाल्याला विकले. दुपारचा चहा नाही प्यायले, काकांच्या कपातला घोट मारला, त्यावरून रोज भांडण. नाणी साठली की पेपरवाल्याला द्यायची, तो त्याच्या नोटा द्यायचा, त्याला सुट्टे हवेच असतात.

आणि ठेवायचे कुठे? तर कोटात.

दुकानात मागे एक दांडी आहे, बेवारस दांडी. ज्यांचे मालक परत आलेच नाहीत असे कपडे तिथे टांगलेले. त्यात एक करडा लांब कोट होता, माझ्याही आधीपासूनचा. दोन वर्षं झाली, कुणी आलं नाही. मालकीणबाई विकू देत नव्हत्या. म्हणायच्या, "माणूस येतो गं. उशिरा येतो, पण आपल्या कपड्यासाठी येतो." मी मनात म्हणायचे, येतोय कुठला, मेला असेल. कोटाला आतून बटणाचा खिसा होता. त्या खिशात माझं बिऱ्हाड. शर्टाच्या कॉलरखाली आम्ही घालतो ना ती पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यात नोटा गुंडाळायच्या आणि कपड्यांना नंबर बांधायचा दोरा असतो त्याने घट्ट बांधायचं. दुहेरी गाठ. माझी गाठ दुकानात प्रसिद्ध आहे. काका म्हणतात, "ही पोरगी गाठ मारत नाही, सूड घेते. सोडवायला दात लागतात."

आईचं नाक दुकानापर्यंत पोचत नव्हतं. धाकट्याचा गोंदही. मी रोज सकाळी जाता-जाता कोटावर थाप मारायचे. जाड लागायचं. मला वाटायचं, जगात माझ्यासारखी हुशार मीच.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी दुपारी दोन घरी पडदे पोचवून आले. येताना बुटांच्या दुकानात डोकावले. दुकानदार आज मान हलवायच्या ऐवजी बाहेर आला.

"एकच जोड उरलाय त्या मापाचा. सकाळपासून तिघींनी घालून बघितलाय."

"ठेवा ना माझ्यासाठी."

"आज बंद करेपर्यंत ठेवतो. उद्या ठेवला तर माझी बायको मला काचेत ठेवेल."

मी उडतच लॉन्ड्रीत आले. ठरवलं होतं, हात धुवायच्या निमित्ताने मागे जायचं, कोटातलं घ्यायचं, घरी जाते म्हणायचं. मागे गेले. दांडीवर हँगर होता, कोट नव्हता.

"कोट कुठे गेला?"

"कुठला कोट?" मालकीणबाई गल्ल्यावरून.

"करडा. इथला."

"अगं गेला! आला त्याचा माणूस!" त्या इतक्या खूश होत्या, जसा काही त्यांचा जावई आला होता. "मी म्हणत नव्हते? दोन वर्षांनी आला बिचारा, सगळे पैसे चुकते केले. आणि पुढचं ऐक ना! इस्त्री मारताना तुझ्या काकांना खिशात काय लागलं माहितीये? पैसे! नोटांची ही एवढी गुंडाळी! तुझ्या आधी खिशांवर होता ना तो, आंधळाच होता मेला, बघितलंच नव्हतं त्याने. दोन वर्षं तशीच. आणि कोट धुतलेला असून नोटा बघ कशा, कोऱ्या करकरीत! आपली धुलाईच तशी आहे."

मी काकांकडे गेले. ते ढगात होते.

"काका, तुम्ही दिलेत?"

"दिले."

"सगळे?"

"पाटीवर काय लिहिलंय?"

सगळं. जाड अक्षरात.

तोंड उघडलं होतं मी. माझे आहेत ते, एवढंच बोलायचं होतं. आणि तेवढ्यात डोक्यात लख्खकन पडलं की हे बोलून चालणार नाही. मी खिशांवर बसवलेली पोरगी. वर्षभर सगळ्या गावाचे खिसे माझ्या हाताखालून गेलेले. आणि त्या पोरीचे एवढे पैसे, तेही गिऱ्हाईकाच्या कोटात लपवलेले? माझं मलाच खरं वाटलं नसतं. सगळ्या जगात लपवायला जागा होती, आणि मी लपवले कुठे, तर जिथे सापडलेलं दुसऱ्याचं होतं तिथे. आणि ते दुसऱ्याचं होतं, असं माझ्याच हाताने भिंतीवर लिहिलेलं.

मी हँगर उचलला आणि जमिनीवर आपटला. मग दुसरा.

"हिला काय झालं?" मालकीणबाई.

"काही नाही, वाफ धरलीये," काका म्हणाले. मग इस्त्री वर करून बाहेर आले. हातात करड्या कापडाचा पट्टा. "चटके, हा त्या कोटाचा पट्टा राहिला बघ. पळत जा, नेऊन दे. पाण्याच्या टाकीमागे रंगाऱ्यांच्या खोल्या आहेत, शेवटची खोली म्हणाले."

"पट्टा विसरलात? तुम्ही?" मालकीणबाई.

"वय झालं," काका म्हणाले आणि परत ढगात गेले.

मी पट्टा ओढून घेतला. आभार वगैरे नाही. मला काकांचा इतका राग आला होता की त्यांच्या तोंडाकडे बघवेना. एवढा प्रामाणिकपणा कशाला लागतो माणसाला? लागलं होतं हाताला, तर लागू द्यायचं होतं. गप्प बसून कोट द्यायचा होता. पण मग तरी पैसे गेलेच असते, कोटाबरोबर. हे पण तेव्हाच सुचलं आणि आणखी राग आला, कारण मग रागवायला कोणी उरेना.

टाकीपर्यंत मी धावले. धावताना तोंडाने काय काय चाललं होतं ते लिहीत नाही. एक म्हातारे गृहस्थ कडेला सरकले आणि म्हणाले, "सावकाश गं बाई, जग कुठे पळून चाललंय?" मी म्हटलं, "माझं पळून चाललंय आजोबा, तुमचं असेल जागेवर."

शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक लांबच लांब माणूस खाली बसलेला, गुडघे कानाला लागलेले. नखांत पांढरा रंग. कोट खुंटीवर. एक हातपिशवी भरून तयार. आणि त्याच्या मांडीवर लाल दप्तर, नवं कोरं. हातात बारीक ब्रश, ब्रशाला पांढरा रंग, आणि ब्रश दप्तरावर टेकायच्या बेतात.

"थांबा!" मी ओरडले.

त्याचा हात जागच्या जागी थांबला. रंगाचा एक थेंब जमिनीवर पडला.

"पट्टा," मी म्हटलं आणि पट्टा पुढे केला. मग म्हटलं, "आणि ते पैसे माझे आहेत."

मी बोलत सुटले. "कॉलरच्या पट्टीत गुंडाळलेले होते ना? नंबरच्या दोऱ्याने बांधलेले? गाठ सुटली नसेल तुम्हाला. दाताने सोडवली असेल."

त्याने ब्रश डबीवर आडवा ठेवला. "कापली," म्हणाला. "ब्लेडने." मग उशीखालून ती पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली, नोटा तिच्यातच. "मला माहीत होतं माझे नाहीत ते. माझ्या खिशात पैसे असते तर कोट दोन वर्षं तिथे राहिला असता का? धुलाईचे द्यायला नव्हते म्हणून तर राहिला."

"मग घेतलेत कशाला?"

"मी म्हटलं त्यांना, माझे नसतील हो. ते म्हणाले, खिशातलं सगळं गिऱ्हाईकाचं. पाटीच दाखवली."

"किती वेळा म्हटलंत, माझे नसतील?"

"एकदा."

"एकदाच?"

"दुसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलली नाही." तो खाली बघत म्हणाला. असलं खरं बोललं की भांडायला मजा येत नाही.

मी नोटा चाळल्या. कमी होत्या. मी दप्तराकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"मुलीला घेतलं. आजीकडे असते ती, माझ्या सासूबाईंकडे. उद्या जायचंय. चिमणी म्हणतो आम्ही तिला, तेवढंच लिहिणार होतो वर. अजून लिहिलं नाही, बरं झालं. तुम्ही आज नेलंत तर परत घेईल दुकानदार, वापरलेलं नाही." मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तिथे दार उघडतात ना, ते आधी हातांकडे बघतात. मग तोंडाकडे."

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. पैसे घेतले, दप्तर उचललं आणि निघाले. त्याने अडवलं नाही. उलट ब्रश रॉकेलमध्ये धुवायला लागला.

दप्तराचं दुकान बाजारात, बुटांच्या दुकानाच्या पलीकडेच. तिथे ही गर्दी, पोरं, बाया, सगळे सुट्टीचं घ्यायला आलेले. मी रांगेत उभी. उभ्या-उभ्या माझी बोटं सवयीने दप्तराच्या खिशांत. बाहेर दोन, बाजूला जाळीचा एक, आत पेन्सिलींचा, त्याच्या आत आणखी एक चोरखिसा. एवढे खिसे. माझ्या दप्तराला एकच होता आणि त्यालाही भोक. समोरच्या बाईचं पोर माझ्या हातातल्या दप्तराकडे बघून रडायला लागलं, "तसलंच पाहिजे." मी त्याला डोळे वटारले, ते आणखी रडलं.

हिशोब सोपा होता. दप्तर परत, पैसे पुरे. बूट, ताईला पर्स, धाकट्याला बॅट, ठमीला बाहुली, भावजींना पाकीट. भावजींना पाकीट देताना काय म्हणायचं, ते पण मी वर्षभर घोकून ठेवलं होतं. दप्तर परत न करता, फक्त बूट. बूट आणि वर एक चहा. तोही माझा मीच प्यायचा.

पण ते वाक्य काही जाईना. आधी हातांकडे बघतात. मला त्या दारातली नजर माहीत आहे. ती मी भिंतीला पाठ लावून खाल्लेली आहे. भावजींसारखं कोणीतरी तिथेही असणार, आणि ते म्हणणार, हा काय देणार, ब्रश? आणि चिमणी हसणार, कारण सगळे हसले की हसावं लागतं. ते तर सगळ्यांत वाईट.

"बोल गं, काय झालं, आवडलं नाही का?" दुकानदाराने हात पुढे केला.

"आवडलं," मी ओरडले. "आवडलं म्हणून उभी आहे इथे! काही अडचण आहे?"

आणि रांगेतून बाहेर पडले. मागून तो कुणाला तरी म्हणाला, "सुट्टीच्या आदल्या दिवशी असली चार-पाच येतातच."

परत टाकीकडे जाताना मी स्वतःला जे काही बोलले, ते काकांना बोलले असते तर त्यांनी इस्त्री सोडली असती. मूर्ख, बावळट, मोठी आली दानशूर. पाय मात्र चाललेच. रंगारी दारातच उभा होता, कोट घालून, पट्टा बांधून. मला बघून घाबरलाच. वाटलं असेल, आता कोट पण न्यायला आली.

मी दप्तर त्याच्या हातात कोंबलं. "लिहा."

"अहो, पण..."

"लिहा म्हणते ना! पण एक ऐका. तिला सांगताना 'मिळालं' म्हणायचं नाही. आमच्या दुकानात पेन मिळतं, दाढ मिळते. हे मिळालेलं नाही. दिलंय. मी दिलंय. तसंच सांगायचं, कळलं?"

त्याने मान हलवली. खाली बसला, डबी उघडली. काय हात होता त्याचा! "चिमणी" असं लिहिलं की ती आत्ता उडेल. मग मान वर न करता विचारलं, "खाली बारीक लिहू? कोणी दिलं ते?"

"लिहा. चटका."

"चटका?"

"हसू नका."

हसला नाही. लिहिलं. मग म्हणाला, "ती दुकानातली पाटी तुमच्याच हातची ना? 'सगळं' फार जाड झालंय."

"जागा उरली होती," मी म्हटलं. रंग वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, उगीच. मग निघताना चोरखिशात एक नाणं सरकवलं. चहाचं. खिसा उघडल्यावर काही निघालं नाही की कसंसंच वाटतं.

बुटांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी खालून वाकून आत गेले. दुकानदार म्हणाला, "आलीस? बायको मापच घेत होती माझं, काचेत ठेवायला." नोटा मोजल्या, बरोबर निघाल्या. एक चहासुद्धा उरला नाही, तो चिमणीकडे गेला होता.

खोकं काखेत मारून दुकानात आले तर मालकीणबाई गेलेल्या, काका इस्त्री पुसत होते.

"पट्टा पोचला?"

"पोचला."

त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. इस्त्रीचं कापड झटकलं, घडी घातली. मी ती घडी बघत होते आणि माझी ट्यूब आत्ता पेटली. काका कधी पट्टा विसरत नाहीत. कोट इस्त्री केला की पहिला पट्टा कमरेला गुंडाळतात, मग बाकी. आणि ती गुंडाळी त्यांनी हातात धरली होती, मालकीणबाईंच्या डोळ्यांसमोर. माझी गाठ. दात लागणारी गाठ.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"गाठ."

"कसली गाठ? मला दिसतंय कुठे, सगळीकडे वाफ," ते म्हणाले. मग बटणांची बरणी माझ्यासमोर सरकवली. शर्टांची, कोटांची, गणवेशांची तुटून पडलेली बटणं, ज्यांना कुणी विचारत नाही. "ही पण बेवारसच. घेऊन जा. आणि पुढच्या वेळेला स्वतःच्या खिशात ठेव. मग पाटीप्रमाणेही तुझं ते तुझंच राहील."

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पिशव्या, शाल, चेंडू, मला काहीतरी गुलाबी. संध्याकाळी भावजी पाय पसरून बसले आणि म्हणाले, "काय मग? यंदा देणार होतीस ना? काढ शिव्या!"

मी काही बोलले नाही, हे पहिलंच आश्चर्य. ठमीला बटणांची माळ दिली, त्यात तिच्या मुठीएवढं एक निळं. धाकट्याला गणवेशाचं पितळी बटण, चकचकीत घासलेलं, त्याने ते लगेच शर्टाला लावलं आणि दारात जाऊन पहारेकऱ्यासारखा आम्हाला आत-बाहेर सोडायला लागला. प्रवासात चुरगळलेले ताई-भावजींचे कपडे मी आल्याआल्या उचलून दुकानात नेले होते. मालकीणबाईंना म्हटलं, इस्त्रीचे मजुरीतून कापा. त्यांनी नुसता हात उडवला. भावजींच्या शर्टाला कॉलरखाली पट्टी, वर कागद, दुहेरी गाठ. आणि वर टाचलेली पुडी, त्यांच्याच खिशात सापडलेल्या सुट्ट्यांची.

"हे काय?" भावजी पुडी हलवत म्हणाले.

"खिशातलं सगळं गिऱ्हाईकाचं."

"आणि ही गाठ? सुटत नाहीये!"

"दात लावा," मी म्हटलं. ताई एवढी हसली की ठमी घाबरली. भावजी खरंच दात लावायला लागले.

मग मी आईसमोर खोकं ठेवलं. तिने झाकण उघडलं. एक बूट उचलला, तळ दाबून बघितला, माप वाचलं.

"पावती आहे ना गं?" म्हणाली.

"का?"

"नाही, म्हणजे परत घेत असतील तर... एवढ्या पैशात..."

"आई!" माझा आवाज असा फुटला की दारातला बटणवाला सावधान झाला. "पावती मी खाल्ली! आणि परत केलेस ना, तर मी घर सोडून जाईन, आणि ते बूट घालून जाईन!"

"घालून कशी जाशील, तुला लहान होतात," आई म्हणाली आणि बूट छातीशी धरून आत गेली. परत बाहेर आली तेव्हा पायांत नव्हते. कुठे ठेवले कोण जाणे. रात्री कितीतरी वेळ मला झोप लागेना. विकणार. बदलणार. जपून ठेवणार, लग्नासाठी, कोणाच्या तरी. चपलाच घालून जाणार उद्या पण. आमच्या घरात चांगल्या वस्तूला वापर कधी लागतच नाही, नुसती जागा लागते.

सकाळी जागी झाले तर घरात उजेड. ताई चहा करत होती. मी ताडकन उठून बसले.

"आई उठली नाही? आजारी आहे का?"

"कधीचीच गेली," ताई म्हणाली. "तुझ्या उशाशीच उभी राहून केस बांधत होती की. ऐकलं नाहीस?"

नव्हतं ऐकलं. मी दाराशी गेले. खाली चपला होत्या, टाच लोंबत असलेली उजवी वर, डावी खाली.